मोबाईल स्टार्टरवर पेटंटची नोटीस आली आहे. ॲपल-सॅमसंग, एरिक्सन-लाव्हा खटल्यांतलं आपल्याला काय लागू पडतं?

पॅनेलवाला_कुपवाड (प्रश्न)

राम राम मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं मोबाईल स्टार्टरचं काम आहे. ३ ते १० एचपी, थ्री फेज, विहिरीवरचा मोनोब्लॉक असो की बोअरचा सबमर्सिबल. मिस कॉलवर पंप चालू-बंद, सिंगल फेजिंग (एक फेज जाणं) आणि ड्राय रनला (पाण्याविना चालणं) ट्रिप, लाईट आली की ठरवलेल्या वेळाने आपोआप चालू. आधी २जी बोर्ड होता. आता ४जी कॅट-१ मॉड्यूल टाकलंय, कारण २जी बोर्डात जिओचं सिम चालत नाही.

दुसऱ्या एका उत्पादकाच्या वकिलाची नोटीस आली आहे. म्हणणं दोन: मिस कॉलवर पंप सुरू करून मोटरने करंट घेतला की नाही ते तपासायची पद्धत त्यांच्या 'पेटंट'मध्ये येते, आणि आमची पेटी त्यांच्या नोंदणीकृत डिझाइनची नक्कल आहे. १५ दिवसांत उत्पादन बंद करा आणि २५ लाख भरा, नाहीतर दावा. नोटिशीच्या प्रती तासगाव, पलूस आणि कोरेगावच्या आमच्या डीलरांनाही गेल्यात. दोघांनी माल उचलणं थांबवलंय.

विचारायचं ते असं. गोल कोपऱ्यांवरून ॲपलला सॅमसंगविरुद्ध १०० कोटी डॉलरच्या वर निकाल मिळाला होता, मग पेटीवरून आमचं काय होईल? एरिक्सनने मायक्रोमॅक्स आणि लाव्हाला कोर्टात खेचलं, तशी ४जी मॉड्यूलपायी आमच्याकडे कुणी रॉयल्टी मागू शकतो का? आणि नोटिशीला उत्तर काय द्यायचं? वकील गाठणार आहेच, पण त्यांच्यापुढे काय घेऊन बसायचं ते आधी कळलं तर बरं.

रेषा_आणि_आकार

पेटीचं आधी बोलतो, कारण तिची भीती सगळ्यात जास्त वाटते आणि तिच्यातच सगळ्यात कमी दम आहे.

१०५ कोटी डॉलरचा तो ज्यूरीचा निकाल ऑगस्ट २०१२ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा. त्यात पेटंटं दोन जातीची होती. काही स्क्रीनवर बोटांनी करायच्या क्रियांची, काही नुसत्या दिसण्याची: काळा सपाट दर्शनी भाग, कडेची चौकट आणि गोल कोपरे, आयकॉनची मांडणी. आकडा फुगला तो दुसऱ्या जातीमुळे. अमेरिकेच्या पेटंट कायद्यात कलम २८९ आहे. डिझाइन उचललं, की त्या वस्तूवरचा संपूर्ण नफा मालकाचा. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ८-० ने सांगितलं की 'वस्तू' म्हणजे अख्खा फोनच धरला पाहिजे असं नाही, फोनचा एखादा भागही धरता येतो. तरी मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने सुमारे ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि त्यातले ५३.३ कोटी डिझाइनचेच होते. पुढच्याच महिन्यात दोघांत तडजोड झाली.

ते कलम आपल्याकडे नाही. आपला डिझाइन कायदा २००० चा. त्याच्या कलम २२ प्रमाणे मालकापुढे दोन वाटा असतात. एका वाटेने प्रत्येक उल्लंघनामागे २५ हजारांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५० हजारांपर्यंत रक्कम मिळते. दुसऱ्या वाटेने मनाईहुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, पण तिथे नुकसान सिद्ध करावं लागतं. २५ लाखांचा हिशेब नोटिशीत नसेल तर तो लेखी मागा.

आता पेटी समोर ठेवा आणि सरकारी पेटंट-डिझाइन कार्यालयाच्या ipindia साईटवर डिझाइन क्रमांक टाकून नोंदणीतली चित्रं काढा. तुलना त्यांच्या बाजारातल्या मालाशी करायची नाही, त्या चित्रांशी करायची. कायदा फक्त डोळ्याला दिसणारा आकार, रचना, नक्षी पाहतो. एमसीबीची खिडकी तिथेच का, केबल ग्लँड खालीच का, झाकणाला रबर गॅस्केट का, हे कामाच्या गरजेचं आहे. त्यावर डिझाइनचा हक्क चालत नाही. आणि तुमची पेटी बाजारातली तयार पॉलिकार्बोनेट पेटी असेल, वरून फक्त स्टिकर आणि इंडिकेटरची भोकं तुमची, तर पेटी बनवणाऱ्याचा जुना कॅटलॉग आणि त्यांच्या नोंदणीच्या तारखेआधीची बिलं हाच तुमचा बचाव. नोंदणीआधी आकार बाजारात होता हे दिसलं, की कलम १९ खाली कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात नोंदणी रद्द करायचा अर्ज करता येतो. तोच मुद्दा दाव्यात बचाव म्हणूनही घेता येतो आणि मग दावा हायकोर्टाकडे जातो.

आकार खरंच जवळचा निघाला तर बदला, हट्ट करू नका. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कोर्टाने २०११ मध्ये गॅलेक्सी टॅब १०.१ ची विक्री थांबवली. सॅमसंगने कडेची चौकट बदलून १०.१एन बाजारात आणला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच कोर्टाने नव्या मॉडेलवर बंदी नाकारली. एवढ्या मोठ्या कंपनीने साच्यातल्या बदलाने माल विकता ठेवला; तुम्हाला तर झाकणाची कड आणि इंडिकेटरची ओळ बदलायची आहे.

क्लेमवाचक

नोटिशीतला पेटंटचा आकडा मोजा. मंजूर पेटंटचा क्रमांक हल्ली ६ अंकी असतो. १२ अंकी असेल तर तो नुसता अर्ज. त्या १२ अंकांत पहिले चार वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (१ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई), सहावा अर्जाच्या प्रकाराचा आणि शेवटचे सहा अनुक्रमाचे. सांगली-साताऱ्याचा अर्ज मुंबईला जातो, म्हणजे पाचवा आकडा २ दिसेल.

अर्जावर दावा लावता येत नाही. कलम ११ए प्रमाणे हक्क प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजला जातो, पण दावा पेटंट मंजूर झाल्यावरच. साईटवरच्या इनपास शोधात आकडा टाका. मंजूर असेल तर ई-रजिस्टर उघडून नूतनीकरणाची फी भरली आहे का ते बघा, कारण फी थकून मेलेल्या पेटंटांच्या जोरावरही नोटिसा निघतात. अर्ज असेल तर 'ॲप्लिकेशन स्टेटस' आणि त्याखालची कागदपत्रं. जे दिसेल ते इथे टाका, आणि क्लेम (नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य) क्रमांक १ जसाच्या तसा. गोषवारा आणि चित्रं नकोत. हक्क क्लेमपुरताच असतो.

पॅनेलवाला_कुपवाड

बघितलं. आकडा १२ अंकी आहे, पाचवा २. स्टेटस: प्रसिद्ध झाला, तपासणी अहवाल निघाला, उत्तर दाखल नाही. अहवाल निघून दोन महिने झालेत.

क्लेम १ चा मराठीत सारांश: (अ) जीएसएम मोडेम असलेला कंट्रोलर, (आ) मेमरीत ठेवलेले अधिकृत नंबर, (इ) त्यातल्या नंबरवरून मिस कॉल आला की रिले ओढणं, (ई) तिन्ही फेजचा करंट सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने) मोजणं, (उ) ठरलेल्या सेकंदांत करंट मिळाला तर त्याच नंबरवर उलट कॉल करणं, (ऊ) न मिळाला तर रिले सोडून ठरावीक वेळा पुन्हा प्रयत्न करणं.

आमच्यात सीटी दोनच फेजला आहे. उलट कॉल जात नाही, स्थिती ॲपवर दिसते. पुन्हा प्रयत्न होतो, पण तो लाईट परत आल्यावर. करंट मिळाला नाही म्हणून नाही.

क्लेमवाचक

छान मांडलंत. आता एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे अ ते ऊ, उजवीकडे तुमच्या बोर्डात तेच काम कोणता भाग आणि फर्मवेअरचं कोणतं फंक्शन करतं. क्लेममधला प्रत्येक घटक तुमच्यात असला तरच शब्दशः उल्लंघन. तुमच्या सांगण्याप्रमाणे ई, उ आणि ऊ तिन्ही जुळत नाहीत. ई वर फार विसंबू नका; दोन सीटींवरून तिसऱ्या फेजचा करंट काढता येतो, तेव्हा समोरचा म्हणेल की काम तेच, फक्त सुटा भाग कमी. उ वरही तो म्हणेल की उलट कॉल काय आणि ॲपवरची सूचना काय, शेतकऱ्याला खबर देणं एकच. ऊ मात्र भक्कम आहे. तुमचा पुन्हा प्रयत्न पुरवठा परत आल्यावर होतो, त्यांचा करंट न मिळाल्यावर. कारण वेगळं, परिणाम वेगळा. तुमच्याकडे करंट नसेल तर ट्रिप होऊन पंप तसाच थांबतो ना? थांबत असेल तर तो लॉग काढून ठेवा.

तपासणी अहवाल नीट वाचा. परीक्षकाने त्यात डी१, डी२ अशी जुनी कागदपत्रं दिलेली असतात. म्हणजे तुमचा निम्मा शोध सरकारने फुकट करून दिला. उत्तराला ६ महिने मिळतात, मुदतवाढ मागितली तर आणखी ३. त्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्यात जमा. गेलं तर बहुतेक वेळा क्लेम अरुंद होऊनच पुढे सरकतो, कारण दुरुस्तीत क्लेमचा विस्तार वाढवता येत नाही. दर महिन्याला स्टेटस बघत राहा.

पुरावा गोळा करताना तारीख महत्त्वाची, आणि ती प्रसिद्धीची नव्हे, त्यांच्या अग्रक्रमाची (अर्ज पहिल्यांदा दाखल झाला ती). तात्पुरता मसुदा आधी दिला असेल तर ती तारीख आणखी वर्षभरापर्यंत मागे जाऊ शकते. मोबाईलवरून पंप चालवणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. पुण्याच्या नॅनो गणेशला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. पण 'अशी यंत्रं आधीपासून होती' एवढं सांगून भागत नाही. जुन्या मालाच्या माहितीपत्रकात अ ते ऊ पैकी नेमकं काय छापलंय ते घटकागणिक दाखवावं लागतं. मोशीच्या किसान प्रदर्शनातली जुनी पत्रकं, इतर उत्पादकांच्या यूट्यूब चित्रफिती आणि त्यांची अपलोड तारीख, तुमचीच जुनी बिलं आणि त्या वेळचं फर्मवेअर, हे सगळं चालतं. चित्रफितीचा नुसता स्क्रीनशॉट नको. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश किंमत (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) भरावी लागते, म्हणून फाईल उतरवल्याबरोबर एसएचए-२५६ काढून वहीत तारखेसह लिहा. नंतर कुणी फाईल पुन्हा सेव्ह केली तर हॅश जुळत नाही आणि चांगला पुरावा पांगळा होतो.

जुना पुरावा किती जड पडतो ते 'स्लाइड टू अनलॉक'मध्ये दिसतं. स्वीडनच्या निओनोड कंपनीच्या एन१ फोनमध्ये बोट सरकवून लॉक उघडण्याची सोय आयफोनच्या आधी होती. त्या आधारावर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये ॲपलचं ते पेटंट टिकू दिलं नाही. अमेरिकेत मात्र २०१६ मध्ये अपिलात सॅमसंगविरुद्धचा ११.९६ कोटी डॉलरचा निकाल कायम झाला, आणि याच सोयीचं अमेरिकी पेटंट त्यात होतं. प्रत्येक देशाचं पेटंट वेगळं, कोर्ट वेगळं. परदेशी निकालाचा कागद दाखवून तुम्हाला कुणी घाबरवू शकत नाही, आणि तुम्हीही त्याच्यावर विसंबू नका.

आपल्याकडचा धडा मिर्झापूरच्या भांड्यांचा आहे. लेथवर भांडं धरून घासायच्या साधनाचं पेटंट होतं, आणि बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये ते रद्द केलं. जुन्या साधनात कारागिराला सहज सुचेल असा बदल म्हणजे शोध नव्हे, आणि पेटंट मिळालं म्हणजे ते वैध आहे अशी हमी नाही, ही दोन वाक्यं तुमच्या वकिलांना लागतीलच.

चौथी_पिढी

मॉड्यूलबद्दल. मोडेमवर दोन वेगळी ओझी असतात आणि लोक ती एकत्र करतात. एक सरकारी मान्यता: बिनतारी उपकरणाचं मान्यतापत्र (ईटीए), मोडेमचा ओळख क्रमांक (आयएमईआय) वगैरे. दुसरं पेटंटची रॉयल्टी. ईटीएचं प्रमाणपत्र हातात असलं म्हणून पेटंटचा परवाना मिळाला असं होत नाही.

४जीचं मानक पाळायचं तर काही पेटंटं टाळताच येत नाहीत. ती ज्यांच्याकडे आहेत त्या एरिक्सन, नोकिया, क्वालकॉमसारख्या कंपन्यांनी रास्त आणि भेदभावरहित दराने परवाना द्यायचं वचन मानक संस्थेला दिलेलं असतं. भांडण पेटंट आहे की नाही यावर कमी आणि दर किती, कशावर, यावर जास्त. एरिक्सनने मार्च २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सवर दिल्ली हायकोर्टात ८ पेटंटांवरून दावा लावला, मागणी १०० कोटींची. लाव्हाविरुद्धच्या दाव्याचा निकाल मार्च २०२४ मध्ये लागला: ७ पेटंटं टिकली, एक रद्द, भरपाई सुमारे २४४ कोटी. दर चिपच्या किमतीवर नाही, फोनच्या निव्वळ विक्री किमतीवर धरला, १.०५ टक्के. हा मुद्दा तुम्हाला थेट लागतो. तुमच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर, रिले, सीटी, पेटी यांची किंमत मोडेमच्या कितीतरी पट आहे. कुणी अख्ख्या पॅनेलच्या किमतीवर टक्का मागितला तर तिथे भांडायला जागा आहे, कारण फोन दळणवळणासाठीच विकत घेतला जातो आणि स्टार्टर मोटर चालवायला.

चिप कुणाची यानेही फरक पडतो. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सनच्या अर्जावर शाओमीची विक्री दिल्ली हायकोर्टाने एकतर्फी थांबवली. आठवड्याभरात खंडपीठाने क्वालकॉमची चिप असलेले फोन विकायला परवानगी दिली, दर फोनमागे १०० रुपये कोर्टात जमा करायच्या अटीवर. क्वालकॉमकडे परवाना आहे असं शाओमीचं म्हणणं होतं. रेडमी १एस सुटला, मीडियाटेक चिपचा रेडमी नोट अडकला. म्हणून मॉड्यूल घेताना आतली आयसी कुणाची ते विचारा आणि पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: मॉड्यूलमधल्या दळणवळण मानकांच्या पेटंटांवरून तिसऱ्या पक्षाने दावा केल्यास पुरवठादार बचावाचा खर्च आणि भरपाई सोसेल. मोठा वितरक ओळ कापून देतो. पुरता नकार आला तर निदान 'मॉड्यूलच्या किमतीपर्यंत' अशी मर्यादा घालून तरी घ्या, आणि भारतातल्या अधिकृत वितरकाचं बिल जपून ठेवा. लॅमिंग्टन रोडवरून बिलाशिवाय उचललेल्या मॉड्यूलला हे काहीच लागू पडत नाही.

लहान उत्पादकाच्या मागे एरिक्सन-नोकिया सहसा लागत नाहीत, वर्षाला काही हजार नगांसाठी दिल्लीत वकील उभा करणं त्यांना परवडत नाही. आणि काळ तुमच्या बाजूने आहे. पेटंट अर्जापासून २० वर्षं. नव्वदच्या दशकातल्या अर्जांवरची २जीची पेटंटं संपलीत. ४जीचा पहिला आराखडा डिसेंबर २००८ मध्ये गोठवला गेला, त्याच्या आजूबाजूचे अर्ज आता एकेक करून मुदतीला येतायत.

जाता जाता: जिओवर मिस कॉल घ्यायचा तर मॉड्यूल व्होल्टीई (४जीवरून आवाजी कॉल) चालणारंच हवं. फक्त डेटावालं कॅट-१ घेतलंत तर रिंगच येणार नाही आणि शेतकरी बांधावर बटण दाबत बसेल.

कोर्टगल्ली_सांगली

उत्तराचं. १५ दिवस ही त्यांनी घातलेली मुदत, कायद्याची नाही. तरी उत्तर द्याच, कारण गप्प बसलेला पुढे कोर्टात 'माहीत असून केलं' या रांगेत बसतो. पेटंट असल्याचं माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं, हा कलम १११ चा बचाव पेटंट मंजूर झालं तर नोटिशीच्या तारखेनंतर चालणार नाही.

उत्तर एका पानाचं असावं. मागा: मंजूर पेटंटचा क्रमांक, अग्रक्रमाची तारीख, तुमच्या मालाशी घटकागणिक तुलना, डिझाइनचं प्रमाणपत्र, २५ लाखांचा हिशेब. नोंदवा: नोटिशीतला क्रमांक प्रलंबित अर्जाचा आहे. लिहू नका: किती नग विकले, सर्किट कसं आहे, 'आम्ही बदल करतो'. क्लेमचा तक्ताही आता पाठवू नका. त्यांचं तपासणीचं उत्तर अजून जायचंय, तुमचा तक्ता बघून ते क्लेम वळवतील.

याच कारणासाठी मंजुरीपूर्व हरकत, फॉर्म ७ए, लगेच टाकावी असं मला वाटत नाही. २०२४ पासून तिला फीही आहे. त्यांचं उत्तर येऊ द्या, क्लेम कुठे स्थिरावतो ते बघा, मग हत्यार काढा. फार थांबूनही चालत नाही, कारण मंजुरीचा आदेश निघाला की ती वाट बंद. मग मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात फॉर्म ७.

डीलरांना गेलेली नोटीस मला जास्त गंभीर वाटते. पेटंटच्या हक्कात विक्रीही येते, म्हणून मंजुरीनंतर डीलरही प्रतिवादी होऊ शकतो, त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. पण आज पेटंटच नाही. कलम १०६ खाली निराधार धमकीविरुद्ध तुम्ही स्वतः दावा लावू शकता: धमकी असमर्थनीय आहे अशी घोषणा, मनाई आणि झालेलं नुकसान. नुसतं 'आमचं पेटंट आहे' असं कळवणं धमकी धरत नाहीत. 'विक्री थांबवा नाहीतर दावा' ही धमकी. म्हणून डीलरांकडून नोटिशीची मूळ प्रत, पाकीट आणि रद्द केलेल्या ऑर्डरचे व्हॉट्सॲप निरोप आजच मागून घ्या. डीलरांना तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी द्या: क्रमांक अर्जाचा आहे, मंजूर पेटंट नाही, साईटवर तपासता येईल. समोरच्या उत्पादकाबद्दल एक शब्दही वाईट लिहू नका.

डिझाइनची नोंदणी मात्र जिवंत आहे, आणि मनाईहुकूम तिच्यावरून एकतर्फी मिळू शकतो. म्हणून कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) टाका. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८ए, मुदत ९० दिवस, संपली की नवं. फक्त सांगलीत टाकून भागणार नाही. माल जिथे विकला जातो तिथेही दावा लागतो, कोरेगावमुळे साताराही धरा. दावा वाणिज्य न्यायालयात गेला तर कैफियतीला (लेखी उत्तराला) समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवस, त्यापुढे एक दिवस मिळत नाही. तातडीचा हुकूम मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिथे बसा.

पॅनेलवाला_कुपवाड

खूप उपयोग झाला. पेटी तयारच घेतो, पुरवठादाराकडे जुना कॅटलॉग मागितलाय. करंट नसेल तर ट्रिप होऊन थांबतं, लॉगमध्ये दिसतं. शेवटचं: फर्मवेअरमध्ये ऊ पासून आणखी लांब जायचं असेल तर आत्ता बदल करावा का? केला तर चूक मान्य केल्यासारखं होईल का?

क्लेमवाचक

बदल करणं म्हणजे कबुली नाही. ॲपलचं यादी कडेला पोचली की रबरासारखी उसळण्याचं पेटंट होतं. सॅमसंगने ते उसळणं काढून कडेला निळी चमक दाखवली आणि वादही चालूच ठेवला. बदलाची टीप लिहिताना मात्र तांत्रिक कारण लिहा, नोटिशीचा उल्लेख नको. तुमच्याकडे कारण तयार आहे: ड्राय रनला पुन्हा पुन्हा सुरू झालेला सबमर्सिबल जळतो, म्हणून करंट न आल्यास लॉक आणि हाताने रीसेट.

जुनं फर्मवेअर पुसू नका. प्रत्येक आवृत्तीची हेक्स फाईल, तिची हॅश, ती कोणत्या अनुक्रमांकाच्या बोर्डात गेली आणि त्या बोर्डांची बिलं असं एका फोल्डरमध्ये लावा. दावा लागलाच तर विचारलं जाईल ते हेच: कोणत्या तारखेला विकलेल्या कोणत्या बोर्डात नेमकं काय चालत होतं.